मालगाडीची वाट

मुंबईच्या लोकल गाड्यांविषयी जितके बोलले आणि लिहिले गेले आहे, तितके भारतातील दुसऱ्या कोणत्याही वाहनाविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. लोकलवर कथा आहेत, विनोद आहेत, चित्रपट आहेत. तिच्या उशिराची बातमी वर्तमानपत्रांतून नित्यनेमाने येते. परंतु त्याच शहराच्या वेशीतून, त्याच सिग्नलांच्या आज्ञेने, मालगाडी नावाचे एक लांबलचक आणि मुके वाहन रोज जात-येत असते. तिची चौकशी कोणी करीत नाही. फलाटावर उभ्या असलेल्या चाकरमान्याला ती दिसते तीच मुळी अडथळा म्हणून. पन्नास-साठ वाघिणी खडखडत समोरून निघून जाईपर्यंत तो घड्याळाकडे पाहतो, मनातल्या मनात दोन शब्द बोलतो आणि ती गेली की तिला विसरतो. आज मला बोलावयाचे आहे ते या मालगाडीविषयी. अधिक नेमके सांगावयाचे तर लोकलच्या गर्दीतून तिला वाट कशी काढून दिली जाते याविषयी.

‘वाट’ हा शब्द मी सहज वापरला, पण रेल्वेच्या वाहतूक खात्यात त्याला काटेकोर अर्थ आहे. तेथील माणसे इंग्रजीतून ‘पाथ’ म्हणतात. गाडीची वाट म्हणजे नुसते रूळ नव्हेत. रूळ तर चोवीस तास जागच्या जागी पडलेले असतात. अमुक स्थानकापासून अमुक स्थानकापर्यंतचे रूळ, अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत, एका विशिष्ट गाडीसाठी मोकळे असणे म्हणजे तिची वाट. म्हणजे ही वाट जागेची जितकी, तितकीच वेळेचीही आहे. जमिनीवरची वाट झिजते, ही वाट वापरली नाही तर फुकट जाते. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची वाट रिकामी गेली, तर ती नऊ वाजता परत वापरता येत नाही.

ही वाट कागदावर दाखविण्याची एक सुंदर युक्ती गेल्या दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभर रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पॅरिस-लिऑन मार्गाचे वेळापत्रक अशा रीतीने आखले गेले आणि मारे या शास्त्रज्ञाने ते आपल्या ग्रंथात छापून प्रसिद्धीस आणले. कागदावर आडव्या बाजूने दिवसाचे तास मांडावयाचे, उभ्या बाजूने स्थानके मांडावयाची, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ काढावयाची. गाडी वेगवान असेल तर रेघ खडी, मंद असेल तर लोळती. स्थानकात थांबली तर तेवढ्यापुरती रेघ आडवी. दोन रेघा एकाच मार्गावर एकमेकींना छेदू लागल्या, तर तेथे एकीला बाजूच्या रुळावर घ्यावेच लागणार, हे रेल्वेचे ओ की ठो न कळणाऱ्यालाही त्या कागदावर बोट ठेवून सांगता येते. नियंत्रण कक्षात बसणारा सेक्शन कंट्रोलर पूर्वी टेलिफोन कानाला लावून, पट्टी आणि रंगीत पेन्सिली घेऊन असा आलेख दिवसभर ओढीत असे. आता त्याच रेघा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. साधने बदलली, विवंचना तीच राहिली आहे.

मुंबईच्या बाबतीत या विवंचनेला एक गमतीची पार्श्वभूमी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तिच्यात चारशेच्या आसपास निमंत्रित होते. त्यामुळे आपल्या रेल्वेचा जन्म जणू प्रवाशांसाठी झाला अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः ज्या भांडवलदारांनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला पैसा पुरविला, त्यांच्या डोळ्यांसमोर वऱ्हाडचा व खानदेशचा कापूस होता. लँकेशायरच्या गिरण्यांना तो हवा होता आणि बैलांच्या पाठीवरून घाट उतरताना त्याची माती होत होती. १८५४ साली गाडी कल्याणला पोहोचली, १८६३ साली बोरघाटातून व १८६५ साली थळघाटातून रूळ वर चढले, ते मुख्यतः मालासाठी. या दृष्टीने पाहिले तर मुंबईच्या रुळांवर मालगाडी ही घरातली थोरली आणि रोज कामावर जाणारा प्रवासी हा मागाहून आलेला धाकटा. परंतु धाकट्याने घर असे भरून टाकले की, थोरलीला आता परसदारी उभे राहून आत येऊ का म्हणून विचारावे लागते!

हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी निघाली. विजेच्या गाडीला चटकन वेग घेता येतो आणि चटकन थांबता येते, इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला लावावे लागत नाही. म्हणून कमी अंतराने गाड्या सोडणे शक्य झाले. गाड्या वाढल्या तशी वस्ती रुळांच्या कडेने ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी सरकत गेली, आणि वस्ती वाढली तशा गाड्या आणखी वाढल्या. आज मध्य रेल्वेवर रोज सुमारे १,८०० आणि पश्चिम रेल्वेवर सुमारे १,४०० लोकल फेऱ्या होतात. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांच्या अंतराने एकामागून एक लोकल धावते. या तीन-चार मिनिटांच्या फटीत मालगाडी घालावयाची आहे.

आता थोडे गणित करू. श्रोत्यांनी घाबरून जाऊ नये. बेरीज-वजाबाकीपलीकडे ते जात नाही.

कल्याण ते दिवा हे अंतर साधारण १२ किलोमीटर आहे. समजा, यातील एका मार्गावर दर ४ मिनिटांनी एक जलद लोकल सुटते व ती हे अंतर १२ मिनिटांत तोडते. दोन गाड्यांमध्ये निदान ३ मिनिटांचे अंतर राखावेच लागते असे धरू. आता यांच्या मध्ये आपल्याला एक भरलेली मालगाडी सोडावयाची आहे, आणि तिला तेच अंतर तोडण्यास १८ मिनिटे लागतात. पहिली लोकल शून्य मिनिटाला सुटली. तिच्यामागून ३ मिनिटांनी मालगाडी सुटली, म्हणजे ती २१व्या मिनिटाला दिव्याला पोहोचेल. तिच्यामागची लोकल २४व्या मिनिटाच्या आत तेथे पोहोचता कामा नये. म्हणजेच ती कल्याणहून १२व्या मिनिटाच्या आत सुटता कामा नये. परंतु वेळापत्रकाप्रमाणे चौथ्या मिनिटाला एक आणि आठव्या मिनिटाला एक अशा दोन लोकल मध्ये सुटावयाच्या होत्या. त्या दोन्ही गेल्या! गर्दीच्या वेळी एका बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसे कोंबलेली असतात. तेव्हा एका मालगाडीची किंमत झाली आठ-नऊ हजार माणसांची खोळंबलेली सकाळ.

या गणितातून निघणारा निष्कर्ष मात्र प्रथमदर्शनी वाटतो तसा नाही. दोन लोकलचा बळी गेला तो मालगाडी जड होती म्हणून नव्हे, किंवा ती हळू होती म्हणूनही नव्हे. तो गेला वेगांतील फरकामुळे. आलेखावर एक रेघ खडी आणि तिच्या शेजारची लोळती असली, की दोहोंमध्ये एक त्रिकोणी जागा वाया जाते. आता हीच मालगाडी धीम्या मार्गावर घातली तर काय होईल? धीमी लोकल ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर करीत प्रत्येक ठिकाणी थांबत जाते. तिलाही हे अंतर तोडण्यास जवळजवळ तितकाच वेळ लागतो. मालगाडी कोठेही न थांबता एकाच संथ गतीने चालली, तर तिची रेघ आणि धीम्या लोकलची रेघ समांतर जातात आणि वाया जाणारी जागा पुष्कळ कमी होते. जलद मार्ग म्हणून मालगाडी लवकर निघून जाईल ही सामान्य माणसाची समजूत, आणि तीच कित्येकदा अधिक गोंधळ करणारी ठरते. दोन निरनिराळ्या चालींची माणसे अरुंद गल्लीतून जाऊ लागली की धक्काबुक्की होते; सगळेच संथ चालले तर होत नाही.

परंतु या युक्तीला एक अट आहे, आणि ती कठीण आहे. मालगाडी मध्ये कोठेही थांबता कामा नये. कोळशाच्या ५८ वाघिणींची गाडी वजनाने साडेचार हजार टनांच्या वर जाते. एकदा थांबली की ब्रेक सोडून, साखळीतल्या शेवटच्या वाघिणीपर्यंत ओढ पोहोचवून, पुन्हा चाल धरीपर्यंत तिची मिनिटेच्या मिनिटे जातात. लोकल थांबते आणि निघते ती एखाद्या तरण्याबांड पोरासारखी. मालगाडीचे उठणे-बसणे वृद्धाचे आहे. म्हणून अनुभवी कंट्रोलर मालगाडीला मध्येच अडवून ठेवण्यापेक्षा मुळात सोडतच नाही. तिला टिटवाळ्याला किंवा त्याही मागे उभी करतो, पुढची वाट शेवटपर्यंत मोकळी होण्याची वाट पाहतो, आणि मग एकदमच पार करतो. फलाटावरच्या माणसाला वाटते, ही गाडी तासभर काय म्हणून नुसती उभी आहे? ती उभी आहे ती, धावू लागल्यावर तिने उभे राहू नये म्हणून.

मालगाडीची लांबी हे दुसरे संकट. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास असते. कोळशाची एक वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब. अशा ५८ वाघिणी, पुढे एक किंवा दोन इंजिने आणि मागे गार्डाचा डबा, मिळून सुमारे ६७० मीटर होतात. (गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२ साली हे नामांतर झाले. डबा मात्र होता तेवढाच हादरतो.) गाडी सरळ जात असेल तर या लांबीचे विशेष काही नाही. पण तिला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जावयाचे असेल, तर सांधे ओलांडावे लागतात, आणि सांध्यांवर वेगाची मर्यादा असते. ताशी ३० किलोमीटर वेगाने ६७० मीटर लांबीची गाडी सांध्यावरून जाण्यास १ मिनिट २० सेकंद लागतात. वेग १५ असेल तर २ मिनिटे ४० सेकंद. सांधे वळविणे, सिग्नल देणे, गाडी पूर्ण गेल्याची खात्री होऊन सांधे पूर्ववत होणे, हे सारे धरले तर तीन-चार मिनिटे गेली. आणि या वेळात आडवे येणारे सगळे मार्ग बंद. चार मार्ग आडवे छेदून जाणारी मालगाडी म्हणजे भर बाजारातून आडवी निघालेली वरात समजावी.

कल्याण हे असे वरात अडण्याचे ठिकाण आहे. तेथे ईशान्येकडून कसाऱ्याचा व आग्नेयेकडून कर्जतचा असे दोन फाटे येऊन मिळतात. नागपूर, भुसावळकडील माल थळघाट उतरून येतो. तो घाट म्हणजे ३७ मीटरला १ मीटर चढाचा. इगतपुरीच्या दिशेने चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. पण चमत्कार असा की, घाटात तीन मार्ग आहेत आणि घाट उतरल्यावर कसारा ते कल्याण या ६७ किलोमीटरांत पिढ्यान्‌पिढ्या दोनच होते. तिसरा मार्ग टाकण्याचे काम बरीच वर्षे चालले आहे. या दोन मार्गांवर मेल गाड्या, कसाऱ्याच्या व आसनगावच्या लोकल आणि मालगाड्या अशी तीन प्रकारच्या चालींची मंडळी. शहापूर, वासिंदकडच्या प्रवाशांची जी तक्रार असते की मेल गाडी आली की आमची लोकल बाजूला काढतात, तिचे मूळ या दोन रेघांत आहे. आणि लोकल बाजूला काढली जाते तेथे मालगाडीची काय कथा!

दुपारी चार वाजताची वेळ घ्या. कसाऱ्याला एक भरलेली गाडी येऊन उभी आहे. तिला कल्याणला पोहोचण्यास, सर्व काही सुरळीत झाले तर, दोन तास धरा. आताच सोडली तर ती सहाच्या सुमारास, म्हणजे ऐन संध्याकाळच्या गर्दीत कल्याणच्या तोंडाशी येईल. ती जाईल मुंबईच्या दिशेने आणि गर्दी येईल मुंबईकडून, तेव्हा मार्ग निराळे. पण यार्डात शिरताना ती आडवी जाणारच. न सोडली तर रात्री साडेनऊ-दहापर्यंत तिला पुन्हा चांगली वाट नाही. तोवर इंजिन चालकाच्या ड्यूटीचे तास संपतील. चालक काही यंत्र नव्हे; ठराविक तासांपलीकडे त्याच्याकडून गाडी चालवून घेणे हे त्याच्या आणि इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. मग नवा चालक आणावयाचा कोठून आणि कसा? शिवाय कसाऱ्याचा बाजूचा रूळ अडला म्हणजे घाटातून उतरणारी मागची गाडी इगतपुरीला थांबणार, तिच्या मागची घोटीला. हे सारे त्या माणसाला टेलिफोन खाली ठेवण्यापूर्वी ठरवावे लागते. नियमांचे पुस्तक त्याला फारसे साहाय्य करीत नाही. पुस्तकात अग्रक्रम दिलेला आहे, आणि अग्रक्रमात मालगाडी शेवटी आहे. पण जी नेहमीच शेवटी, तिला कधी सोडावयाचे हे पुस्तक कसे सांगणार?

कोणी म्हणेल, रात्री सोडा. दिवसा माणसे, रात्री माल; इतके सोपे आहे. मुंबईत रात्र फार लहान असते. शेवटची लोकल आपल्या स्थानकाला पोहोचून पहिली लोकल निघेपर्यंत मध्ये तीन तासांच्या आसपास वेळ उरतो. आणि त्या तीन तासांवर डोळा ठेवून आणखी एक मंडळी बसलेली असते. रूळ बदलणारे, खडी भरणारे, वरच्या विजेच्या तारा तपासणारे, सांध्यांना तेल देणारे आणि पावसाळ्यापूर्वी गटारे उपसणारे कामगार हे सर्व याच वेळात काम करतात. रुळावर माणसे काम करीत असताना तेथून साडेचार हजार टनांची गाडी नेता येत नाही. रविवारच्या ‘मेगाब्लॉक’चा मुंबईकरांना जो वैताग येतो, त्याचे कारण रात्रीचे हे तीन तास पुरत नाहीत, हेच होय.

मुंबईने मालगाडीला शहराच्या पोटातून बाहेर काढण्याचा उद्योग बऱ्याच वर्षांपूर्वी आरंभिला. एके काळी माल थेट बोरीबंदरच्या दारापर्यंत, वाडीबंदर आणि कर्नाक बंदरापर्यंत येत असे. बंदर विश्वस्त मंडळाची स्वतःची रेल्वे १ जानेवारी १९१५ रोजी सुरू झाली आणि ती वडाळ्याच्या बाजूने मुख्य रेल्वेला जोडलेली होती. पुढे १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मालाचा ओघ पनवेलकडे वळला. दिवा-पनवेल आणि वसई-दिवा या जोडमार्गांमुळे गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाडीला दादर-कुर्ल्याचे तोंड पाहण्याचे कारण उरले नाही. कोपरला तर हा मार्ग मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून पुलाने पलीकडे जातो. खाली लोकल, वर मालगाडी. कोणी कोणाची वाट अडवीत नाही. डोंबिवलीकडून दिव्याकडे जाताना डोक्यावरून जाणारी ती लांब गाडी कधी दिसली, तर त्या पुलाने आपल्या किती लोकल वाचविल्या याचा हिशेब मनात जरूर करावा. माझ्या मते मुंबईच्या वाहतुकीतील ज्या बांधकामांचे कोणी कौतुक केले नाही, त्यांत या पुलाचा नंबर वरचा लागेल.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. कलकत्त्याच्या श्रोत्यांना बालीचा पूल परिचित असेल. तो १९३१ साली झाला, आणि राणीगंज-झरियाचा कोळसा हावड्याच्या गर्दीत न शिरता गंगेपलीकडच्या गोद्यांकडे जाण्याची आणखी एक सोय झाली. त्यापूर्वी १८८७चा नैहाटीजवळचा ज्युबिली पूल हे काम करीत होता. दिल्लीची रिंग रेल्वे आज प्रवासी विसरून गेले आहेत, परंतु ती १९७५ साली अस्तित्वात आली ती नवी दिल्ली स्थानकाच्या गर्दीतून मालगाड्यांची सुटका करण्यासाठीच. जेथे जेथे शहर वाढते तेथे तेथे मालगाडीला वळसा घालावा लागतो. आणि काही वर्षांनी शहर त्या वळशापर्यंत येऊन पोहोचते! वसई-दिवा मार्गावर भिवंडी आता शहराबाहेर राहिलेली नाही. तेथील लोक या मार्गावर लोकल मागत आहेत, आणि ते गैर आहे असे कोण म्हणेल? पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे डहाणूपर्यंत २०१३ सालापासून लोकल जाऊ लागल्या. पालघर, बोईसरच्या लोकांची ती वर्षानुवर्षांची मागणी होती. परंतु विरारपुढे मार्ग दोनच होते. तेव्हा वसईहून गुजरातकडे निघालेल्या मालगाडीला पुन्हा एकदा रांगेत उभे राहावे लागले. तेथेही आता मार्गांची संख्या दोनाची चार करण्याचे काम हाती घेतले आहे.

मालगाडी इतकी थांबते, तर थांबू दे. कोळशाला काही ऑफिस गाठावयाचे नसते, असे वाटणे स्वाभाविक आहे. या विचाराची परीक्षा घेण्याचा एक प्रसंग आपल्यावर इच्छा नसताना आला. २०२० सालच्या मार्चअखेर साथीमुळे देशातील प्रवासी गाड्या थांबल्या. मुंबईची लोकल, जी महापुरात आणि बॉम्बस्फोटांतही एक-दोन दिवसांत उठून उभी राहिली होती, ती जवळजवळ तीन महिने बंद राहिली आणि १५ जूनला केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी सुरू झाली. मालगाड्या मात्र चालू होत्या, कारण धान्य, खत आणि वीजकेंद्रांचा कोळसा थांबवून भागणार नव्हते. त्या काळात रेल्वेने मालगाड्यांच्या सरासरी वेगाचे जे आकडे प्रसिद्ध केले ते मोठे बोलके आहेत. पूर्वी हा वेग ताशी २३-२४ किलोमीटर होता. तो ४०च्या पुढे गेला. इंजिने तीच होती, वाघिणी त्याच होत्या, चालकही तेच होते. बदलले होते ते एवढेच की, त्यांना वाट मिळाली. मालगाडी हळू चालते असे आपण म्हणतो, ते खरे नाही. ती बरी चालते. तिचा वेळ जातो तो उभे राहण्यात.

आणि या उभे राहण्याची किंमत कोण देतो? भारतीय रेल्वेच्या वाहतुकीच्या उत्पन्नापैकी सुमारे दोन-तृतीयांश उत्पन्न मालापासून मिळते. लोकलच्या पासचा दर ज्या पातळीवर ठेवता येतो, तो मालगाडी कमावते म्हणून. वर्षाला १५० कोटी टनांहून अधिक माल रेल्वे वाहते. परंतु देशातील एकूण मालवाहतुकीतील तिचा हिस्सा पाहिला तर चित्र निराळे दिसते. १९५१च्या सुमारास तो चार-पंचमांशांहून अधिक होता. आता तो एक-तृतीयांशाच्याही खाली आला आहे. याला कारणे अनेक आहेत, पण माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला ‘केव्हा पोहोचेल’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे त्यांतील मोठे कारण होय. ट्रकवाला निदान फोनवर सांगतो तरी. एका मालगाडीत जो साडेतीन-पावणेचार हजार टन माल जातो, त्याला सुमारे दोनशे ट्रक लागतात. हे दोनशे ट्रक मग घोडबंदर रस्त्यावर आणि मुंब्र्याच्या बाह्यवळणावर येतात. लोकल वेळेवर मिळाली म्हणून समाधानाने उतरलेला गृहस्थ स्थानकाबाहेर रिक्षात बसतो, आणि त्या ट्रकांच्या मागे अडकतो. त्याने सकाळी ज्या मालगाडीला शिव्या दिल्या, तीच ही. फक्त दोनशे तुकडे होऊन आलेली.

असे असले तरी माल सोडा आणि लोकल थांबवा, असे मी म्हणणार नाही. कंट्रोलरने संध्याकाळी एक लोकल रद्द केली, तर तिच्यातील चार हजार माणसे पुढच्या लोकलच्या दाराला लटकतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावत आली आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ सकाळच्या गर्दीत दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकणारी माणसे खाली पडली आणि काहींचे प्राण गेले. तेथे मालगाडीचा काही संबंध नव्हता. पण एक लोकल कमी होणे म्हणजे नुसता दहा मिनिटांचा उशीर नव्हे, हे नियंत्रण कक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणूनच मालगाडी आणि लोकल यांपैकी एकीची निवड करावयाची वेळ आली की बहुतेक कंट्रोलर मालगाडीला थांबवितात. आणि मीही त्या खुर्चीवर असतो तर तेच केले असते. माझे म्हणणे इतकेच की, अशी निवड रोज करावी लागणे हे ज्या रुळांच्या टंचाईमुळे घडते, ती टंचाई आपण फार वर्षे चालवून घेतली. ठाणे ते दिवा या नऊ किलोमीटरांच्या पाचव्या व सहाव्या मार्गाची मागणी किती जुनी! तो मार्ग २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झाला.

आता केवळ मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याचा मोठा उपक्रम चालू आहे. पश्चिमेकडील मार्ग दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरांचा आहे, आणि त्यावर एकावर एक असे दोन कंटेनर ठेवून गाड्या चालविता येतात. त्यासाठी विजेच्या तारा नेहमीपेक्षा उंच बांधल्या आहेत. राजस्थान, गुजरातमधून तो झपाट्याने पुढे आला. सर्वांत जास्त काळ रखडला तो वैतरणा ते न्हावा शेवा हा मुंबईजवळचा शेवटचा तुकडा. खाड्या, डोंगर, आणि त्यांहूनही दाट अशी वस्ती यांतून त्याला जावयाचे होते. जेथे त्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच जागा सर्वांत कमी.

हा मार्ग गुजरातकडच्या मालाचा भार उचलील. परंतु नागपूर-भुसावळकडून थळघाट उतरणाऱ्या मालाला त्याचा उपयोग नाही; त्याला कल्याणवरूनच जावे लागणार. कल्याणच्या यार्डाची फेररचना करून लोकलचे आणि लांबच्या गाड्यांचे मार्ग वेगळे करण्याचे काम त्यासाठीच काढले आहे. ते आणि कसाऱ्याचा तिसरा मार्ग ही दोन्ही कामे चालत्या वाहतुकीतच करावयाची आहेत. म्हणजे जुने सांधे काढून नवे बसविण्यासाठी लागणारा वेळही रात्रीच्या त्याच तीन तासांतून आणि रविवारच्या ब्लॉकमधून काढावयाचा. त्या रात्री कसाऱ्याला उभ्या असलेल्या मालगाडीला मग आणखी थोडे थांबावे लागते. आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली लोकल निघण्यापूर्वी तिला पार करता आले नाही, तर दुपारी अकरापर्यंत तिचे नाव कोणी काढीत नाही.